नुसतं बसवून ठेवायचं असेल तर शाळेत घालायचं कशाला?

प्रश्न: आमची मुलगी सहा वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे (जन्मजात स्थिती, यात वाढ आणि शिकणं हळू होतं). आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. घराजवळच्या शाळेत विचारायला गेलो तर मुख्याध्यापक म्हणाले, "प्रवेश देतो, नाही म्हणता येत नाही. पण ती नुसती बसून राहील. आमच्याकडून शिकवणं होणार नाही." घरचे म्हणतात, विशेष शाळेत घाला, तिथे न्यायला गाडी तरी येते. शाळांमध्ये समावेशक शिक्षण आहे असं ऐकतो. मग त्याचा उद्देश तरी नेमका काय? आणि आम्ही काय करावं?

उत्तर:

ताई, मुख्याध्यापकांच्या बोलण्यातला पहिला भाग बरोबर आहे. प्रवेश नाकारता येत नाही. दुसरा भाग मात्र त्यांना वाटतं तितका निरुपद्रवी नाही. मुलगी वर्गात नुसती बसून राहणार असेल, तर त्या शाळेत समावेशक शिक्षण सुरूच झालेलं नाही. पटावर एक नाव वाढलं, एवढंच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये समावेशक शिक्षणाची जी व्याख्या आहे, तिचे दोन भाग आहेत. दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतील, हा पहिला. शिकवण्या-शिकण्याची पद्धत त्या मुलांच्या गरजेप्रमाणे बदललेली असेल, हा दुसरा. बहुतेक शाळा पहिल्या भागावर थांबतात आणि मग "बघा, जमत नाही" म्हणतात.

मी विशेष शिक्षिका म्हणून नागपुरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत बरीच वर्षं शाळाशाळांतून फिरले आहे. त्यावरून माझं मत सरळ आहे. मूल ज्या वस्तीत राहतं, तिथल्या शाळेनं त्याला शिकवायला शिकावं, हा समावेशक शिक्षणाचा उद्देश. मूल शाळेत बसतं का, हे आपण फार तपासतो. शाळा मुलाला बसते का, हे तपासायला हवं.

ही समज यायला आपल्या देशाला वेळ लागला. शिक्षणावरच्या कोठारी आयोगानं १९६४-६६ मध्येच दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळांत शिकवण्याची शिफारस केली होती. १९७४ मध्ये केंद्राची एकात्म शिक्षणाची योजना आली. तिच्यात साहित्य, भत्ते, विशेष शिक्षक हे सगळं मुलाला मिळायचं. वर्ग, फळा, परीक्षा मात्र जशाच्या तशा राहायच्या. ज्याला त्या चौकटीत चालता आलं तो टिकला, बाकीचे घरी. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांची सरकारं जमली आणि त्यांनी सर्व मुलांना सामावून घेणाऱ्या शाळा हाच मुख्य मार्ग, असं जाहीर केलं. भारतानं दिव्यांग हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००७ मध्ये मान्य केला आणि २०१६ चा कायदा त्यातून आला. जुन्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता २१ आहेत.

आता "शिकवणं होणार नाही" याकडे येऊ. तुमच्यासाठी खरी गोष्ट तीच आहे.

डाउन सिंड्रोम असलेली मुलं कशी शिकतात, याबद्दल बरंच ठामपणे सांगता येतं. त्यांना बोलता येतं त्यापेक्षा समजतं जास्त. ऐकलेलं लक्षात राहायला जड जातं, पाहिलेलं चांगलं लक्षात राहतं. म्हणून तोंडी सूचनांची मालिका ("वही काढा, तारीख लिहा, पान बारा उघडा") तिच्या डोक्यावरून जाते. तीच सूचना एकेक करून, हातात वही दाखवून दिली तर ती करते. वाचन अनेकदा अपेक्षेपेक्षा चांगलं येतं, विशेषतः अख्खा शब्द चित्राबरोबर ओळखायला दिला तर. बाराखडीच्या वाटेनं नेलं तर मात्र ती महिनोन्महिने तिथेच अडकते. वाचता येऊ लागलं की बोलणंही सुधारतं, कारण शब्द डोळ्यांसमोर स्थिर असतो. गणित त्या मानानं कठीण जातं. स्नायू सैल असतात, बोटं आखूड असतात, त्यामुळे लिहायला जाड पेन्सिल किंवा मोठा खडू लागतो. प्रश्न विचारल्यावर उत्तराला वेळ लागतो. शिक्षक दोन-तीन सेकंद थांबून पुढच्या मुलाकडे वळतात. मनात दहापर्यंत आकडे मोजून थांबले तर उत्तर येतं, हे मी अनेक वर्गांत करून दाखवलं आहे आणि दर वेळी शिक्षकांना नवल वाटलं आहे.

या मुलांमध्ये कानाच्या पडद्याआड पाणी साठून ऐकू कमी येणं फार सर्रास आढळतं. "लक्षच देत नाही" अशी तक्रार आली की मी आधी ऐकण्याची तपासणी झाली का विचारते. डोळे आणि थायरॉइड हेही वेळोवेळी तपासावे लागतात. मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा काही मुलांत सैल असतो, म्हणून खेळाच्या तासाला कोलांटउड्या मारायला लावण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. तिच्या वर्गशिक्षकांना या गोष्टी माहीत असायला हव्यात आणि त्या एका कागदावर मावतात.

वर्गात प्रत्यक्ष काय होतं? समजा दुसरीचा वर्ग आहे, हातच्याची वजाबाकी सुरू आहे. चाळीस मुलं बावन्नातून सतरा वजा करताहेत. त्याच तासाला, त्याच फळ्यासमोर, ती आठ चिंचोक्यांतून तीन बाजूला काढते आणि उरलेले मोजते. तीही वजाबाकीच करते आहे. भाषेच्या तासाला सगळे जो धडा वाचतात, त्यातलेच तीन शब्द आणि तीन चित्रं तिच्यासमोर असतात, जोड्या लावायला. विषय एकच, पायरी वेगळी. शिक्षकांना यासाठी वेगळा तास घ्यावा लागत नाही, आदल्या दिवशी दहा मिनिटं तयारी लागते. आणि एक अनुभव मी सगळीकडे सांगते: चिंचोके एकीसाठी आणले की अजून पाच-सहा मुलं ते मागून घेतात. आपल्याकडे मराठी शाळेत घरी हिंदी, छत्तीसगढी किंवा गोंडी बोलणारी किती मुलं बसतात! त्यांनाही चित्र आणि वस्तू हवीच असते. फक्त त्यांच्यासाठी कुणी मागत नाही.

शाळा बदलते म्हणजे काय, हे विदर्भातल्या शिक्षकांना समजावताना मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण देते, कारण सिकलसेलचं एखादं तरी मूल बहुतेकांच्या वर्गात येऊन गेलेलं असतं. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. हे मूल दिसायला धडधाकट असतं. त्याची मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून त्याला सतत पाणी प्यावं लागतं आणि सतत लघवीला जावं लागतं. वर्गात याचा अर्थ "टाळाटाळ करतो" असा लावला जातो आणि त्याला बसवून ठेवलं जातं. मग मूल पाणी पिणंच सोडतं. पाणी कमी पडलं की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. डिसेंबरातल्या गारठ्यात सकाळच्या परिपाठाला पातळ गणवेशात उभं राहणं, उन्हात मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा, ताप अंगावर काढणं, यांनीही तेच होतं. मग मूल आठ दिवस गैरहजर, घटक चाचणी बुडाली, आणि वर्षाच्या शेवटी शेरा: अनियमित.

या मुलासाठी शाळेनं करायचं काय? पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यायची. न विचारता लघवीला जाण्याची मुभा द्यायची. गणवेशावर स्वेटर चालवून घ्यायचा. पळायची शिक्षा बंद करायची, खरं तर सगळ्यांचीच. ताप आला तर घंटा वाजायची वाट न पाहता पालकांना फोन करायचा, कारण या मुलांना ताप म्हणजे दवाखाना. आजारपणात बुडालेला अभ्यास शेजारच्या मुलाच्या वहीतून घरी पोचवायचा आणि चाचणी पुन्हा घ्यायची. यात ना विशेष शिक्षक लागतो, ना निधी. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत एकदा सांगायचं आणि मग पाळलं जातंय ना, ते बघायचं. ज्या शाळेला हे जमतं, तिला तुमची मुलगीही जमते. कारण दोन्हीकडे काम एकच आहे: मूल असं का वागतंय हे आधी समजून घ्यायचं आणि मग आपला नियम तपासायचा.

समावेशक शिक्षणाच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी केला जातो: अशी मुलं वर्गात असली की बाकीच्यांना दया, माणुसकी शिकायला मिळते. मला तो मुळीच पटत नाही. तुमची मुलगी कुणाच्या संस्कारांचं साधन म्हणून शाळेत जात नाही. ती शिकायला जाते. बाकीच्या मुलांना काय मिळतं, तर त्यांना ती माहीत होते. तिला कोणती गोष्ट आवडते, ती कशावर चिडते, डब्यात काय आणते, खेळात कुठे हुशार आहे. पुढची पन्नास वर्षं ती याच लोकांमध्ये राहणार आहे. किराणा दुकानात सुटे पैसे परत देणारा, शहराच्या ‘आपली बस’मधला कंडक्टर, बँकेच्या काउंटरवरची मुलगी हे उद्या याच वर्गांतून निघतील. जे तिच्याबरोबर पहिलीत बसले, ते तिच्याकडे बघून बिचकणार नाहीत आणि तिच्याऐवजी तिच्या आईशी बोलणार नाहीत. दूरच्या शाळेच्या गाडीत बसून रोज वस्तीबाहेर जाणाऱ्या मुलीला गल्लीतल्या पोरी ओळखतच नाहीत, हे मी वारंवार पाहिलं आहे. शाळा संपते तेव्हा ती अठरा वर्षांची असते आणि तिला हाक मारणारं शेजारी कुणी नसतं.

म्हणून समावेश होतोय का हे बघायला मी कागद कमी आणि तीन-चार जागा जास्त बघते. पोषण आहाराच्या पंगतीत ती कुणाशेजारी बसते. परिपाठात तिच्या वाट्याला काही येतं का, निदान दिनांक सांगणं. गॅदरिंगला ती मंचावर असते की मंचाखाली आईच्या मांडीवर. आणि ती दोन दिवस आली नाही तर कुणी विचारतं का.

विशेष शाळांच्या मी विरोधात आहे असं समजू नका. दक्षिण अंबाझरी मार्गावरची अंधांची शाळा, शंकरनगरची मूकबधिर शाळा, यांनी विदर्भाच्या कानाकोपऱ्यातल्या मुलांना अशा काळात शिकवलं, जेव्हा दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं. ब्रेल, टेलर फ्रेम (अंध मुलांची गणिताची पाटी), पांढऱ्या काठीनं चालणं ही कौशल्यं आजही तिथेच पक्की शिकवली जातात. कर्णबधिर मुलांबाबत तर मी जास्तच सावध असते. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट लवकर मिळून बोलीभाषा आलेलं मूल शेजारच्या शाळेत चांगलं चालतं. पण जे मूल खुणांच्या भाषेत विचार करतं, त्याला ती भाषा न येणाऱ्या चाळीस मुलांत एकटं बसवणं म्हणजे दिवसभर त्याला गप्प ठेवणं आहे. त्याला आधी भाषा आणि त्या भाषेत बोलणारे सोबती हवेत. कायदाही मुलाला योग्य त्या भाषेत आणि माध्यमात शिक्षण द्या, असंच सांगतो. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती मुलाची आणि तुमची. शाळेच्या सोयीनं ती ठरत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून, मी शेजारची शाळाच सांगेन. या वयात तिला बोलकी मुलं अवतीभवती हवीत, कारण ती नक्कल करून शिकते.

शिक्षकांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असं शिक्षण हक्क कायदा म्हणतो. अनेक वर्गांत तेवढं नसतं. त्यात निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं. "मॅडम, चाळीस पोरं हायेत, हिले कवा शिकवू?" असं जेव्हा एखादे गुरुजी विचारतात, तेव्हा ते दमलेले असतात, दुष्ट नसतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडेय प्रकरणात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक, त्यापुढे पंधरांमागे एक. प्रत्यक्षात एकेक विशेष शिक्षक कितीतरी शाळा फिरतो आणि एका मुलाला महिन्यातून मोजक्या वेळा भेटतो. ही पदं भरली जाणं हा सरकारचा प्रश्न आहे आणि त्यासाठी पालकांनी आवाज करायला हवा. पण पूर्ण वेळ विशेष शिक्षक मिळाला तरी मुलीची जबाबदारी वर्गशिक्षकांचीच राहायला हवी. मी शाळेत पाऊल टाकलं आणि "या मॅडम, तुमची पोरगी तिकडे बसली आहे" असं कुणी म्हणालं, की त्या वर्गात अजून काय राहिलंय ते मला कळतं. मुलगी त्यांची आहे. मी त्यांना मदत करायला येते.

आणखी दोन गोष्टींबद्दल सावध करते, कारण त्या तुमच्यासमोर नक्की येतील. पहिली, "आईनं वर्गात बसावं लागेल." पहिले काही दिवस, तिला रुळेपर्यंत, ठीक आहे. कायमचं मान्य करू नका. आई शेजारी असली की शिक्षक मुलीशी बोलत नाहीत, मुलं तिच्याजवळ येत नाहीत, आणि तुमची रोजी बुडते ती वेगळी. दुसरी, "घरीच शिकवू, आम्ही शिक्षक पाठवू." शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला आहे, पण तो बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी आहे आणि तो हक्क त्यांचा आहे. चालत-बोलत शाळेत येऊ शकणाऱ्या मुलीला घरी बसवण्यासाठी तो वापरायचा नाही.

आता तुम्ही करायच्या गोष्टी. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करा. त्यातूनच शासकीय रुग्णालयात तपासणी आणि प्रमाणपत्र होतं. मात्र शेजारच्या शाळेतला साधा प्रवेश या कार्डासाठी अडवून धरता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायलाही शिक्षण हक्क कायद्यात मनाई आहे, तेव्हा "आधी टेस्ट घेऊ" म्हटलं तर नम्रपणे नकार द्या. खासगी शाळा हवी असेल तर २५ टक्के राखीव जागांसाठी दिव्यांग मूल वंचित गटात धरलं जातं. तिथे प्रमाणपत्र लागेल. वाचा आणि व्यवसाय उपचारांसाठी नागपुरात केंद्र सरकारचं सीआरसी हे दिव्यांग पुनर्वसन केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन या. ऐकण्याची तपासणी शाळा सुरू होण्याआधीच करून घ्या.

मुख्याध्यापकांना पुन्हा भेटाल तेव्हा "शिकवाल का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे. वर सांगितलेल्या गोष्टींचा एक कागद घेऊन जा: ती काय करू शकते, कशानं तिला सोपं जातं, कशाची काळजी घ्यायची. शाळांना मदत करणाऱ्या शहर साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना त्या बैठकीला बोलवायला सांगा. पहिल्या सहा महिन्यांसाठी फक्त तीन उद्दिष्टं ठरवा, त्याहून जास्त नको. उदाहरणार्थ, लघवीला जायचं आहे हे सांगणं किंवा खुणेनं दाखवणं. दहा शब्द चित्राशिवाय ओळखणं. पाचपर्यंत वस्तू मोजून देणं. कोण काय करणार आणि पुन्हा कधी भेटायचं, हे त्याच कागदावर लिहून शाळा, विशेष शिक्षक आणि तुम्ही, अशा तिघांनी सह्या करायच्या. वैयक्तिक शिक्षण आराखडा म्हणतात तो हाच; त्याला छापील फॉर्म नसला तरी चालतो. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलींना महिन्याला २०० रुपयांप्रमाणे दहा महिने प्रोत्साहन भत्ता आहे, त्याचीही आठवण करून द्या. हे सगळे कागद एका फाइलमध्ये जपा. पुढे दहावीला लेखनिक, तासामागे २० मिनिटं जादा वेळ अशा सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत जातात, तेव्हा ते उपयोगी पडतात.

इतकं करूनही शाळा ताटकळत ठेवत असेल, तर प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी नकाराविरुद्ध पुढे काही करणं अवघड जातं. तक्रार आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथे हललं नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी एखाद्या दुपारी तिला घेऊन रिकाम्या शाळेत चक्कर मारून या; नळ कुठे, संडास कुठे, तिचा वर्ग कोणता, हे तिला शांतपणे बघू द्या आणि मोबाइलवर फोटो काढून घरी रोज दाखवत राहा. पहिल्या दिवशीच्या गर्दीत मग तिला निदान जागा तरी ओळखीची असेल.